पेडलवरचं प्लास्टिक

सुट्टीत वन्संच्या परदेशातल्या घरी आलेली सूनबाई बाल्कनीत त्यांच्या सायकलच्या हँडलवर लेकीचे मोजे वाळत घालत होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं.

तशी ही सायकल घरात सगळ्यांच्या ओळखीची. वन्सं लग्न करून परदेशी आल्या त्याला बरीच वर्षं झाली, आणि तेव्हापासून ही सायकल फोनच्या पडद्यावर त्यांच्या शेजारी उभी असे. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात रंगीत रुमाल, एक हात ऐटीत हँडलवर. "आई, इथे कुणी ऊठसूट गाडी काढत नाही गं. भाजीला सायकल, ऑफिसला सायकल. मी तर बाई समुद्रापर्यंत जाऊन येते." इकडे सासूबाई पडद्याला नाक लावून म्हणायच्या, "बघा! शिका काहीतरी!" हे 'शिका' कुणासाठी असायचं ते सांगायला नको. लेकी बोले सुने लागे ही म्हण ज्याने कुणी केली, त्याने या सासूबाईंना पाहिलेलं असणार.

आता प्लास्टिकचं. या घराण्यात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायची पद्धतच नव्हती. रिमोट पिशवीत, सोफा पिशवीत, गाडीच्या सीटा पिशवीत. नवऱ्याच्या मोबाइलवरचा कंपनीचा पातळ पापुद्रा कडेने उचलला गेला, त्याखाली पिठासारखी धूळ साठली, तरी तो काही निघाला नाही. सासूबाईंचं म्हणणं असं, की प्लास्टिक काढलं की वस्तूचं वय सुरू होतं. त्यामुळे वन्संच्या सायकलच्या सीटवर प्लास्टिक दिसलं, याचं सूनबाईला नवल वाटलं नाही. माहेरचं वळण, समुद्र ओलांडला म्हणून थोडंच सुटतं!

नवल वाटलं ते मोजा खाली पडला तेव्हा. उचलायला ती वाकली आणि तिचं नाक थेट पेडलपाशी आलं. दोन्ही पेडलना ते हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक गुंडाळलेलं होतं, काचेच्या सामानाला गुंडाळतात ते. वरून चिकटपट्टी. आणि एकही फुगा फुटलेला नव्हता.

बसून बसून प्लास्टिक टिकतं, हे तिने घरच्या सोफ्यावर पाहिलं होतं. पण पायाखालचा फुगा? भाजीला, ऑफिसला, समुद्रापर्यंत जाऊन?

सूनबाईने अंगठ्याने एक फुगा दाबला. टप्.

"काय गं फुटलं?" आतून वन्संचा आवाज आला.

"काही नाही वन्सं," ती म्हणाली, आणि मोजा नीट झटकून परत हँडलवर घातला. "अजून तरी काही नाही."

सूनबाईने डूख धरला होता, हे खरं. नागिणीच्या शेपटीवर कुणीतरी पाय दिलेला असतो, हेही खरं.

भिंगरी जन्मली तेव्हा सूनबाईच्या अंगावर दूध आलं नाही. लेकीचं हे लाडाचं नाव पुढे पडलं, पायाला चाकं फुटल्यावर. तेव्हा ती नुसतीच एक लाल, ओरडणारी मूठ होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं सूनबाईने केलं, शेजारणीने सांगितलं तेही केलं. पंप लावून तासन्‌तास बसायची, तर बाटलीचा तळ ओला होईल एवढंच. शेवटी डबा आणला. डब्याचं दूध पिऊन लेक शांत व्हायची, आणि मग ते इवलंसं तोंड आईच्या कुशीत घुसून उगाच काहीतरी शोधत राहायचं. मिळायचं नाही, तरी शोधता शोधता तिथेच झोपी जायचं. तो ओला गाल छातीला चिकटलेला असताना हलायचीसुद्धा सूनबाईला भीती वाटे. हात मुंग्या येऊन बधिर व्हायचा. ती बसून राहायची.

अशातच एका रविवारी नातेवाईक बाळ बघायला जमले, आणि वन्संना टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर घेतलं. वन्संचं तोंड दाराएवढं झालं होतं. बाटली दिसताच त्या दाराएवढ्या तोंडाने त्या म्हणाल्या, "दूध काय गं, मनातून उतरतं. आईलाच मूल नको असेल तर कुठून येणार?"

 मग मावससासूबाई हसल्या, म्हणून बाकीचेही हसले. नवरा आवाज कमी करायला रिमोट शोधत होता. रिमोट पिशवीत, पिशवी गादीखाली. सापडेपर्यंत बोलून झालं होतं.

पण वाक्यांना पाय फुटतात. लेकीला सर्दी झाली की सासूबाई म्हणत, "बाटलीचं पोर." चालायला उशीर झाला तर, "आईची ओढच कमी, त्याला पोर काय करणार?" सूनबाई ऐकून घ्यायची. ऐकून घेण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

आणि आता भिंगरी बोलू लागली होती. पोपटासारखी, कानावर पडेल ते उचलायची आणि नको तिथे टाकायची. या सुट्टीत वन्संच्या जेवणाच्या टेबलावर तिने दुधाचा पेला सरकवला तेव्हा वन्सं सहज म्हणाल्या, "बाटलीची मुलं अशीच किरकिरी." दुपारी अंथरुणावर पडल्यावर लेकीने आईचा कान ओढला.

"आई, बाटलीचं म्हणजे मी?"

"तू माझी."

"मग बाटलीचं कोण?"

 सूनबाईने लेकीच्या केसांत नाक खुपसलं. आज हिने एवढंच विचारलं. उद्या विचारेल, आई, तुला मी नको होते का? त्याआधी ते वाक्य मेलं पाहिजे, तिने ठरवलं. ज्या तोंडातून निघालं त्याच तोंडाने मेलं पाहिजे, आणि जेवढ्या लोकांत निघालं तेवढ्याच लोकांत. त्या तोंडाला आधी थोडी वाळू चारायला मिळाली, तर काही वाईट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ती म्हणाली, "आज सायकलने समुद्रावर जाऊ या का? वन्सं नेहमी सांगतात ना, इतका सुंदर रस्ता आहे."

नवरा खूश झाला. "वा! कोपऱ्यावर भाड्याच्या सायकली आहेतच. ताई, तुझी तर घरचीच."

वन्संचा कप बशीवर जरा जोरात टेकला. "आज वारा फार आहे रे."

"वारा पाठीमागून आहे," सूनबाई म्हणाली. "पडदे सगळे समुद्राकडेच उडताहेत."

"माझा गुडघा..."

"गुडघ्याला सायकल चांगली, तुम्हीच आईंना सांगितलं होतं. आई तेव्हापासून मला सांगतात."

"हवा नसेल चाकात."

"आहे. मी दाबून पाहिली."

भाऊजी, म्हणजे वन्संचे यजमान, एरवी बोलके गृहस्थ. बायकोच्या प्रत्येक फोटोमागे मोबाइल धरून उभे असलेले तेच. ते चहाच्या कपात असे बघत बसले, जणू तळाशी काही बुडालंय.

"भाऊजी, तुम्ही बोला ना," सूनबाईने साखरेच्या आवाजात म्हटलं.

"मी काय बोलू? आमच्या घरात वाहतुकीचे सगळे निर्णय ही घेते."

तयारी सुरू झाली. केळी, पाव, उकडलेली अंडी, लेकीचे कपडे, लेकीचे आणखी कपडे. सूनबाई स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात अंड्याची टरफलं टाकायला गेली, तर वरच चुरगाळलेलं फुग्यांचं प्लास्टिक. वन्संनी घाईघाईत पेडल सोलले होते. चोराच्या मनात चांदणं पडतं म्हणतात. इथे तर लख्ख ऊन पडलं होतं.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तीन सायकली काढून दिल्या, एकीला मागे मुलाची खुर्ची होती. भिंगरीला खुर्चीत बसवून पट्टा लावला तेव्हा तिने आईच्या पाठीवर थाप मारली, "चल घोड्या!" सूनबाईने टांग मारली. शाळेत असताना ती डबलसीट मैत्रिणीला घेऊन चढ चढायची. पाय विसरतात असं वाटतं, पण विसरत नाहीत.

रस्ता खरोखरच सुंदर होता. एका बाजूला पाण्याचा संथ प्रवाह, दुसऱ्या बाजूला झाडांची रांग, मधून सायकलींसाठी गुळगुळीत पट्टा. नवरा आणि भाऊजी शर्यत लावून दिसेनासे झाले. वन्सं मात्र आपली सायकल हातात धरून, तिच्या कडेने चालत होत्या.

"बसा ना, वन्सं."

"आधी जरा पाय मोकळे करते गं. गरम झाल्याशिवाय बसू नये, स्नायू आखडतात."

"असं होय!" सूनबाईने एक वळण घेतलं, पुढे गेली, परत आली, आणि वन्संभोवती सावकाश गोल फिरली. घार पिलाभोवती फिरते तशी.

थोड्या वेळाने वन्संना फोन आला. वाजला नव्हता, तरी आला. मग एक फूल दिसलं, त्याचा फोटो. मग बुटाची नाडी. मग बदकं. "भिंगरी, बदक बघ गं, आत्याबरोबर चालत बघ." भिंगरीला चालायचं नव्हतं. "आत्या, तू का नाय बसत? तुझी सायकल झोपली?"

"झोपली नाही बाळ, दमली."

"बसलीच नाहीस तर कशी दमली?"

सूनबाईने लेकीची पापी घ्यायला मान वळवली, पण हेल्मेट आडवं आलं. हे बोल तिने शिकवले नव्हते. देव कधी कधी आपल्या बाजूचा असतो.

पावाच्या दुकानाबाहेर बाकावर एक म्हातारा बसला होता. सायकल ढकलणाऱ्या वन्संकडे बघून तो काहीतरी म्हणाला आणि हसला. वन्सं लाल झाल्या.

"काय म्हणाला?" सूनबाईने विचारलं. तिला भाषा येत नव्हती. हसणं येत होतं.

"म्हणाला, सुंदर दिवस आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

सूनबाई मनातल्या मनात सुपारीसारखा तो क्षण चघळत राहिली. उन्हात वन्संचा रुमाल घामाने भिजला होता, पेडल दर चार पावलांना त्यांच्या पोटरीवर आपटत होतं आणि त्या प्रत्येक वेळी ओठ आवळत होत्या. मारो, आपटो, सूनबाई मनात म्हणत होती. पंप लावून बसले होते मी. तुझ्या पोटरीला एवढंसं लागलं तर काय झालं? मनात ती वन्संना अरेतुरे करायची. तेवढी एकच खोली या घरात तिच्या मालकीची होती.

किनाऱ्यावर पोचले तेव्हा पुरुषमंडळी अर्धी भिजून आलेली होती. मोठी छत्री रोवलेली, चादर अंथरलेली. "काय हे ताई, कासवाची शर्यत का?" नवरा ओरडला.

"हिला वाट दाखवत होते रे, सावकाश," वन्सं म्हणाल्या आणि चादरीवर कोसळल्या.

मग एक लांबलचक, आळसावलेली दुपार सुरू झाली. समुद्र शहाण्या मुलासारखा वागत होता. अंडी खाल्ली, केळी खाल्ली. भिंगरीने खड्डा खणला, खड्ड्यात पाणी ओतलं, पाणी कुठे गेलं म्हणून रडली, पुन्हा ओतलं. नवऱ्याने तोंडावर टोपी घेतली. भाऊजी पाठीवर पडून आकाशाकडे बघत म्हणाले, "सुख सुख म्हणतात ते हेच." सूनबाई लेकीच्या मानेवरची वाळू फुंकून काढत होती, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून ओहोटी बघत होती. पाणी मागे सरकलं होतं. ओली वाळू फरशीसारखी कडक, चकचकीत पडली होती.

"वन्सं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अशा ओल्या वाळूवर सायकल काय मस्त पळेल! चला, तुम्ही पुढे, मी मागे. हे शूटिंग करतील. आईंना पाठवू."

"हो, हो, ताई!" टोपीखालून नवरा उठलाच. "आई किती खूश होईल!"

भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

वन्सं उठल्या. सायकल घेतली. सूनबाई शेजारून चालू लागली, आणि छत्रीपासून जरा लांब आल्यावर वन्संनी तिचं मनगट धरलं. 

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"तुला माहितीये. सकाळपासून माहितीये. माझ्याभोवती घिरट्या घालतेस, मला कळत नाही का?" वन्संचा आवाज फाटला. "लहानपणी सायकल तुझ्या नवऱ्याला आणली. मी मागितली तर आई म्हणाली, तू पडलीस, तोंडाला खूण राहिली, तर पुढे कोण पत्करेल? इथे आले तेव्हा पहिल्या आठवड्यात घेतली. गुंडाळलेली होती, तशीच शेजारी उभी राहून फोटो पाठवला. आईने सगळ्या गल्लीला दाखवला. म्हणाली, माझी लेक! असं ती आधी कधी म्हणाली नव्हती गं. मग कसं सांगणार? वर्ष गेलं, मग आणखी गेली. आईला सांगू नकोस."

सूनबाईच्या मनाला पाझर फुटू लागला. तिने ताबडतोब बूच लावलं. हे सगळं खरं असेल, तिने स्वतःला बजावलं, आणि तरीही ते दाराएवढं तोंड याच बाईचं होतं.

"नाही सांगत," ती म्हणाली. "शिकवते. मी मागून धरते, तुम्ही पुढे बघा."

"आत्ता?"

"आत्ताच."

"सोडणार नाहीस ना?"

"नाही सोडणार."

वन्सं सीटवर बसल्या. प्लास्टिक कुरकुरलं. सूनबाईने कॅरिअर घट्ट धरलं आणि ढकलत पळू लागली. सायकल पिऊन आल्यासारखी झोकांड्या खात होती. "समोर बघा! हँडल सैल धरा! पाय मारा, पाय!" वन्सं किंचाळत होत्या, "धरलंयस ना? धरलंयस?" "धरलंय!" एक फेरी झाली, दुसरी झाली. छत्रीखालचे दोघे उठून उभे राहिले. नवऱ्याच्या हातात मोबाइल होता, तोंड उघडं होतं. त्याला आता कळत होतं.

तिसऱ्या फेरीला त्यांच्या अगदी समोर आल्यावर, सगळं नीट दिसेल अशा ठिकाणी, सूनबाईने हात सोडला.

वन्सं गेल्या. सूनबाई कमरेवर हात ठेवून वाट बघत राहिली. आता पडेल. आता. पण वन्सं जातच राहिल्या. पाठ ताठ, रुमाल मागे फडफडत. "धरलंयस ना गं?" त्या ओरडल्या, आणि उत्तर फार लांबून आलं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. पाहिलं, आणि सायकल सरळ समुद्रात शिरली. गुडघाभर पाण्यात सायकल आडवी, वन्सं बसलेल्या, अंगावरून एक लाट.

"आत्या पल्ली!" भिंगरीने टाळ्या पिटल्या. भाऊजी धावले. नवरा पोट धरून हसत होता.

हाच तो क्षण. सूनबाईने त्याची चव घ्यायला तोंड उघडलं, आणि वन्सं पाण्यातून उठल्या. नाकातोंडातून पाणी गळत होतं, केस गालांना चिकटले होते, आणि त्या हसत होत्या. वेड्यासारख्या.

"चालवली!" त्या ओरडल्या. "पाहिलंत? मी चालवली! एकटीने!" आणि धावत येऊन त्यांनी सूनबाईला मिठी मारली, ओलीचिंब. "सोडलंस म्हणून जमलं गं! धरून ठेवलं असतंस तर जन्मात आली नसती!"

हातातोंडाशी आलेला घास असा गेला. सूनबाई मिठीत खांबासारखी उभी राहिली. समोरच्याने हरायचं नाकारलं तर जिंकायचं कसं?

"मी शिकवायला नाही सोडलं," ती म्हणाली. "तुम्ही पडावं म्हणून सोडलं."

वन्संचे हात खाली आले. "का?"

"दूध मनातून उतरतं म्हणून. आईलाच मूल नको असेल तर कुठून येणार म्हणून."

वन्सं बघत राहिल्या. खरंच बघत राहिल्या; नाटक नव्हतं ते, आणि तेच वाईट होतं. "मी? असं मी म्हणाले?"

जे वाक्य सूनबाई इतके दिवस उशीखाली घेऊन झोपली होती, ते वन्संना आठवतसुद्धा नव्हतं. जिभेवरून निसटलेल्या बीसारखं त्यांनी ते थुंकलं होतं. झाड हिच्या अंगणात आलं होतं.

"टीव्हीवरून," सूनबाई म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"म्हणाली होतीस तू," भाऊजी हळूच बोलले. "मी शेजारीच होतो."

वन्संनी तोंडावरचं पाणी पुसलं. "चुकलं असेल गं माझं. सॉरी. बोलायच्या भरात..."

"मला सांगून काय उपयोग? मला खरं काय ते माहितीये. जिथे बोललात तिथे सांगा."

"अगं, जाऊ दे ना आता," नवरा मध्ये पडला. "सुट्टीवर आलोय आपण."

"तू रिमोट शोध," सूनबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली.  इतकी वर्षं ती बोलली नव्हती. जमा होऊन जमा होऊन त्या तीन शब्दांना चांगलंच वजन आलं होतं.

एवढ्यात नवऱ्याच्या हातातला मोबाइल वाजला. शूटिंग केल्याकेल्याच त्याने ते घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, सवयीने, विचार न करता. पडद्यावर सासूबाई, मागे मोठ्या जाऊबाई, त्यांच्या मागे सोफ्यावर मावससासूबाई. तिकडे चहाची वेळ असणार. सासूबाईंच्या हातात कप होता.

"हे काय गं? पडलीस? तुझ्यासारखी पट्टीची सायकलवाली पडली कशी?"

वन्संनी भावाच्या हातातून मोबाइल घेतला. एकदा सूनबाईकडे पाहिलं.  सूनबाई सांगणार नाही म्हणाली होती, तो शब्द तिने पाळला.

"आई," वन्सं म्हणाल्या, "मला सायकल येत नव्हती. कधीच येत नव्हती. फोटो नुसते उभं राहून काढायचे. आज शिकले. हिने शिकवली."

तिकडे मोठ्या जाऊबाईंच्या तोंडातून हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं.  वन्संनी स्वतःचं पितळ स्वतःच उघडं पाडलं होतं, आणि सूनबाईच्या हातात आता धाक घालायला काहीही उरलं नव्हतं.

"बरं, ठेवते आई, भिजलेय सगळी..."

सूनबाईने मोबाइलवर हात ठेवला. वन्संच्या बोटांवरून, घट्ट. मघाशी कॅरिअर धरलं होतं तसा.

"अजून एक सांगायचंय त्यांना," ती पडद्याकडे बघून म्हणाली.

"सोड ना," वन्सं पुटपुटल्या.

"नाही सोडणार."

भिंगरी खड्डा टाकून आली होती. वाळूने माखलेली, आईचा पाय धरून वर बघत. "आत्या काय सांगणारे?"

वन्संनी त्या वाळूच्या गोळ्याकडे पाहिलं.  आणि अगदी हळू म्हणाल्या, "आई, भिंगरीच्या वेळी मी दुधाबद्दल बोलले होते... आईला मूल नको असेल तर कुठून येणार, असं. ते चूक होतं. हिला भिंगरी हवी होती. दूध येणं न येणं शरीराचं असतं. कुणी परत असं बोलायचं नाही."

पडद्यावर सासूबाईंचा कप ओठांपाशी थांबला होता. मागे मावससासूबाई आपल्या बांगड्या बघू लागल्या.

"काय म्हणतेस?" सासूबाई सावकाश म्हणाल्या. "वाऱ्याचा आवाज फार येतोय. काही कळलं नाही बाई."

वारा पाठीमागून होता, समुद्राकडे जाणारा. आणि कप अजून तिथेच होता, वाफाळता, ना वर ना खाली. सूनबाईने तो पाहिला. शब्द पोचला होता, पहिल्याच खेपेला, थेट तळापर्यंत.

"आईंना ऐकू नाही आलं, वन्सं," ती गोड आवाजात म्हणाली. "परत सांगा. जरा मोठ्याने."

वन्संनी श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं. शेजारच्या छत्रीखालची माणसं वळून बघू लागली. "हिला भिंगरी हवी होती!" वन्सं आता जवळजवळ ओरडत होत्या, डोळ्यांत पाणी, समुद्राचं का दुसरं कुणास ठाऊक.

"मी हवी होते!" भिंगरी आईच्या पायाला झोके देत गाऊ लागली. "हवी होते, हवी होते!" पोपटासारखी, कानावर पडलं ते उचलून. सूनबाईचा दुसरा हात खाली गेला आणि त्या वाळूच्या केसांत रुतला.

"ऐकलं, ऐकलं," सासूबाई म्हणाल्या, आणि कप खाली ठेवला. "झालं ना आता? ठेवा फोन."

"मागच्यांना आलं का ऐकू?" सूनबाईने विचारलं. "मावशींना? त्या तेव्हा हसल्या होत्या ना, म्हणून विचारते."

मावससासूबाईंनी मान हलवली. हो की नाही, ते काही समजलं नाही.

"नाही आलेलं दिसत," सूनबाई म्हणाली. तिचा हात वन्संच्या हातावर तसाच होता. "वन्सं, परत."